नारिंगी फितीची जुडी

सुज्ञ वाचकांस प्रारंभीच विनयपूर्वक निवेदन करतो की, पुढील मजकुरात तुटक्या वल्ह्याच्या तळ्यावरील एका घराची, त्या घराच्या मनोमिनाची, म्हणजे तळ्यात उगवणाऱ्या रानतांदळाची, आणि शेतकी खात्याने आमच्याकडे धाडलेल्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगितली जाणार आहे. तीत युद्ध नाही, खून नाही, आणि प्रेमही बेताचेच आहे. मी त्या घरचा घरजावई असल्यामुळे जे पाहिले आणि ऐकले तेवढेच लिहीन. जे केवळ माझ्या मनात आले, ते मनात आले असे सांगूनच लिहीन.

त्या वर्षी धरणवाल्यांनी ऐन जूनमध्ये पाणी चढवले. मनोमिनाची पाती तेव्हा पाण्यावर नुकती आडवी पसरलेली असतात, केस विंचरून ठेवावेत तशी. पाणी चढले आणि मोठ्या तळ्यातली सगळी रोपे मुळासकट उपटून वर आली व काठाला कुजली. शाबूत राहिली ती फक्त पूर्वेची बगल, म्हणजे काठात आत शिरलेला तळ्याचा फाटा. तिचे तोंड अरुंद असून तेथे बीव्हरांनी बांध घातलेला असल्यामुळे पाणी बेताने आत शिरते. ही बगल माझ्या सासूबाईंची, एर्नेस्टीन ब्रुयेर यांची, त्यांच्या आईपासून चालत आलेली. वर्षभराचे आमचे खाणे, पाहुण्यांपुढे ठेवायचे वाडगे आणि मेलेल्यांच्या नावाने बाजूला काढायचा घास, सर्व त्या बगलेत उभे होते.

येथे एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. आमच्या घरी जुन्या रीतीप्रमाणे सासू व जावई एकमेकांशी थेट बोलत नाहीत. हा राग नव्हे, आदर होय. माझी पत्नी हयात होती तोवर ती मध्ये बोलत असे. ती गेल्यावर आमची कन्या लुएला बोलू लागली. लुएला शाळेची गाडी चालवते. ती कामावर असली, की सासूबाईंचे माझ्यासाठीचे बोलणे सार्जंट नावाच्या आमच्या कुत्र्यामार्फत होत असे.

ऑगस्टच्या आरंभी लुएलाने हमरस्त्यावरच्या बसथांब्यावरून एका मुलीला गाडीतून आणले. पाठीवर बोचके, पायांत कोरे बूट. सासूबाई पायरीवर बसून मासे साफ करीत होत्या, आणि शेजारचा हेक्टर बादली पालथी घालून तीवर बसला होता.

"सार्जंट, बघ रे कोण आलंय," सासूबाई सुरी न थांबवता म्हणाल्या.

"मी जोसलिन. जोसलिन डॉक्सटेटर," मुलगी म्हणाली. "कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेतकी खात्यात काम शिकायला ठेवलंय मला. मूळनिवासी लोकांना शेतीत कसं सामावून घ्यायचं, त्यावर. कचेरीतून तुम्हाला कळवलं असेल."

"आधी बाहेर कुणी काढलं होतं?" हेक्टरने विचारले.

"तेच तर," ती उत्साहाने म्हणाली. तिला तो टोमणा प्रश्न वाटला.

"सामावून घेणार म्हणजे कशात घालणार?" सासूबाईंनी माशाला विचारल्यासारखे विचारले. "पोत्यात?"

मुलगी हसली. दुसरे कोणी हसले नाही. ती दक्षिणेकडची, मक्याच्या मुलखातली, आमच्यासारख्याच मूळनिवासी लोकांतली होती. नाकडोळे आमच्यासारखेच. ती आत गेल्यावर हेक्टर खाली वाकून म्हणाला, "पूर्वी गोरा यायचा, तो लांबून ओळखू यायचा. आता आपल्याच तोंडवळ्याची पोरं पाठवतात. दार लवकर उघडतं ना."

हा संशय हवेतून आला नव्हता. सासूबाईंच्या वडिलांनी बटाटे पिकवले, त्या काळी परवान्यावाचून माल रिझर्व्हच्या, म्हणजे सरकारने आम्हांस नेमून दिलेल्या जमिनीच्या, बाहेर विकता येत नसे. परवाना देणारा साहेब शिकारीला गेलेला होता. तो परतेपर्यंत घरातल्या घरात बटाट्यांना कोंब फुटले. पुढे दुसरा एक साहेब येऊन काठावर लाल खुंट्या ठोकून गेला, मोठा गोडबोल्या होता, त्याने मुलांना गोळ्याही वाटल्या. मग धरण झाले आणि पाणी त्या खुंट्यांपर्यंत चढले. तेव्हापासून सासूबाई गोड बोलणाऱ्याच्या हाताकडे पाहतात. हातात काय आहे ते.

जोसलिनच्या हातात प्रथम काहीच नव्हते, म्हणून आम्ही तिला कुऱ्हाड दिली. दाणा भाजायच्या भट्टीसाठी पॉप्लरचे ओंडके फोडायचे होते. तिने पहिल्या दिवशी तळहाताचे फोड दाखवले नाहीत, दुसऱ्या दिवशी लपवता आले नाहीत. होडीत बसून मनोमिनाचा दाणा झोडून पाडायच्या देवदाराच्या झोडकाठ्या मी तासायला बसलो की ती समोर बसे आणि विचारी: ही काठी हलकीच का? एका कुटुंबाची किती होड्या? पेरता का कधी? मशागत करता का?

"तळ्याची मशागत कोण करतं गं?" सासूबाई म्हणाल्या.

"नाही कूकम, तसं नाही. खात्याच्या लेखी मनोमिन शेतीत बसत नाही. आपोआप उगवतं म्हणतात. म्हणून यंदा पाणी चढलं आणि सगळं गेलं, तरी कुणी विचारायला येत नाही. कुणीतरी नीट मोजून दाखवलं, की हे पीक आहे, लोक ते राखतात, तर बसेल."

"एकदा बसवल्यावर उठवायचं कुणाच्या हातात?"

ती गेल्यावर सासूबाई सार्जंटला म्हणाल्या, "आणि मी हिची कूकम कधी झाले? एवढी आजी हवी असेल तर खात्यानं द्यावी."

एका सकाळी न्याहारीला तिने सरळच विचारले, "कूकम, मी होडी घेऊन बगलेत जाऊ का? मोजायला?"

सासूबाईंनी किटली उचलली आणि तिचा पेला चहाने काठोकाठ भरला. आमच्या घरात याचा अर्थ लहान मुलालाही कळतो: हा विषय इथे संपला, चहा पी आणि दुसरे बोल. जोसलिनने चहा प्यायला, "आभारी आहे, कूकम," म्हणाली आणि बूट चढवून काठाकडे गेली. मी भट्टीचे दगड रचीत होतो. माझी अशी समजूत झाली की ती नुसतीच वल्हवायला निघाली आहे. होडी वाकडीतिकडी, एकदा इकडच्या लव्हाळ्यात एकदा तिकडच्या, अशी जात होती. त्यानंतरही ती रोज गेली. मग एके दिवशी बोचके बांधले आणि विनिपेगला खात्याची बैठक आहे, लवकरच परत येते, असे सांगून बसने निघून गेली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई लुएलाला घेऊन दाणा कितपत भरला आहे ते पाहायला बगलेत गेल्या. तळे झोडणीला केव्हा उघडायचे हे त्याच ठरवीत आणि सगळा गाव ते मानीत असे. त्या निघाल्या तशाच परत आल्या. लुएला होडीतून उतरली. सासूबाई होडीतच बसून राहिल्या, हात मांडीवर.

"बाबा," लुएला म्हणाली, "बगल बांधलीय."

मी तिच्यासोबत जाऊन पाहिले. मनोमिन माणसाच्या छातीएवढे पाण्यावर उभे होते, दाण्यात अजून दूध होते. होडीच्या प्रत्येक वाटेच्या दोन्ही अंगांनी मूठमूठ देठ एकत्र धरून, शेंडे खाली वाकवून, जुड्या बांधलेल्या होत्या. रस्त्याची डागडुजी करणारे लोक लावतात त्या नारिंगी प्लास्टिकच्या फितीने. प्रत्येक जुडीला तीच घट्ट, नेटकी गाठ. तोंडापासून पार बीव्हरांच्या बांधापर्यंत फिती फडफडत होत्या.

वाचकांस हे समजणे आवश्यक आहे की, सासूबाईंच्या आईच्या काळी बायका दाण्यात दूध असतानाच बगलेत जात आणि झाडाच्या आतल्या सालीची दोरी वळून अशाच जुड्या बांधीत. त्याने पाखरांपासून दाणा वाचे, आणि कोणते मनोमिन कोणाचे हे लांबून कळे, कारण प्रत्येक घराची गाठ निराळी असे. वाटेच्या दोन्ही अंगांनी जिची गाठ, तिचे मधले सगळे. दुसरीने बांधलेल्या मनोमिनाला उपाशी माणूसही हात लावीत नसे. ज्या बाईने लावला, तिला त्या हिवाळ्यात कोणी जेवायला हाक मारली नाही, असे सासूबाईंनी लहानपणी स्वतः पाहिले होते. पुढे ही रीत मोडली. आम्ही नुसतेच झोडू लागलो. परंतु गाठीचा अर्थ कोणी विसरले नव्हते.

घरी आल्यावर मी लुएलाला म्हणालो, "मी जातो आणि सगळ्या फिती कापून टाकतो."

"सार्जंट," सासूबाई म्हणाल्या, "याला विचार, याच्या घरी दुसऱ्याची गाठ कापायची रीत होती का."

"कूकम, प्लास्टिक आहे ते," लुएला म्हणाली. "तिला रीत ठाऊक तरी असेल का?"

"ठाऊक नव्हती तर बांधलं कसं? मूठ धरून, शेंडे वाकवून, माझ्या आईनं बांधावं तसं? न कळता हात असा चालतो होय?"



"मोजायला कुणी गाठी मारतं का," हेक्टर दारातूनच म्हणाला. बातमी त्याला कशी कळते ते मला अद्याप उलगडलेले नाही. "मोजायला डोळे असतात. ती विनिपेगला बैठकीला नाही गेली, मावशी. ती मालकीची पाटी रंगवायला गेलीय."

"फोन करून विचारू या," लुएला म्हणाली.

"बांधलं तिनं, आणि विचारायचं आपण?"

लुएलाने अंगणात जाऊन गुपचूप फोन लावला. उचलला गेला नाही. न उचललेल्या फोनाने संशय जेवढा पोसला जातो, तेवढा शंभर अफवांनी पोसला जात नाही, असे माझे मत आहे.

दिवस जाऊ लागले. बगलेतला दाणा दुधातून पिठात गेला, हिरव्याचा जांभळट झाला. सकाळी काठावर उभे राहिले की त्याचा वास येई. सासूबाईंनी तळे उघडले, तळ्याला अर्पण म्हणून पहिली चिमूट तंबाखू पाण्यात सोडली, पण स्वतःच्या बगलेकडे मान वळवली नाही. हेक्टरच्या वाट्याला नदीच्या मुखाशी विरळ मनोमिन उरले होते. त्याने निरोप धाडला, आणि आम्ही गेलो. जिच्या शब्दावाचून कोणी दांडा उचलीत नसे, ती बाई दुसऱ्याच्या चिंचोळ्या पट्टीत, पाहुण्यासारखी होडीच्या कडेला बसून झोडत होती. लुएला उभी राहून दांड्याने होडी रेटीत होती. मी मागच्या होडीत एकटाच कसाबसा सांभाळीत होतो.

"घ्या मावशी, लाजू नका," हेक्टर दुसऱ्या होडीतून ओरडला. "तुमच्या मालकीणबाई कधी येणार आहेत?"

सासूबाईंची काठी क्षणभर थांबली. मग त्यांनी एक लोंबी वाकवली आणि नुसती थोपटली. दाणे होडीत पडल्याचा आवाज फार थोडा झाला. संध्याकाळी त्यांच्या मनगटांवर कुसळांनी ओरखडे उठले होते आणि बाह्यांत शिरलेल्या अळ्या चावल्याने दंड सुजले होते. ते दर वर्षीच होते. परंतु दर वर्षी त्या मला ऐकू जाईल अशा बेताने कुत्र्याजवळ तक्रार करीत. त्या दिवशी केली नाही.

जोसलिन परत आली ती संत्र्यांची पिशवी आणि आपल्या गावच्या मक्याचे पीठ घेऊन. सासूबाई खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीवरून उठल्या.

"बसा," त्या म्हणाल्या.

"अहो, नको, मी इथे—"

"बसा तुम्ही. लुएला, आधी यांना वाढ."

माशाचा डोक्याकडचा तुकडा, जो सासूबाईंखेरीज कोणाच्या पानात पडत नसे, तो तिच्या पानात पडला. आम्ही सर्व तिचा पहिला घास होण्याची वाट पाहू लागलो. ती बिचारी तोंडाशी नेलेला हात परत खाली आणी.

"कूकम, मला अहोजाहो का करताय?"

"बगलेच्या मालकाला काय करायचं असतं?"

"मालक?"

"पुरे झालं," लुएलाने चमचा आपटला. "बगल बांधून गेलीस ना तू? आता आम्ही काय, तुझी परवानगी काढायची?"

जोसलिनच्या चेहऱ्यावर जे उमटले ते खरे होते की शिकवलेले होते, हे त्या क्षणी मला सांगता आले नसते. ती म्हणाली, "फिती? त्या मोजायच्या खुणा आहेत! दाणे गळू नयेत, पाखरांनी खाऊ नयेत म्हणून जुड्या बांधल्या. मी विचारलं होतं की. तुम्ही मला चहा दिलात."

"चहा दिला म्हणजे विषय संपला," सासूबाई सार्जंटला म्हणाल्या. "हे तुलासुद्धा कळतं."

सार्जंटने शेपटी हलवली.

"मग मी सकाळीच सोडते सगळ्या," ती म्हणाली.

"बांधणाऱ्यानंच सोडायचं असतं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या खांद्यावरचे काही तरी उतरल्यासारखे मला दिसले.

जेवणानंतर जोसलिनने फोन घेतला आणि ती पायरीवर गेली. आत आली तेव्हा तिचा चेहरा निराळा होता. "खात्यातले साहेब म्हणतात, गुरुवारी ते स्वतः येऊन मोजणार आहेत. तोवर हात लावू नको म्हणाले. फक्त गुरुवारपर्यंत, कूकम. मोजमाप झालं नाही तर मनोमिन आणखी एक वर्ष शेतीत नाही. माझं खात्यातलं चार महिन्यांचं काम... तोवर तुम्ही जुड्या सोडून मधलं घ्या ना. मी काहीच म्हणणार नाही."

"म्हणजे भिंती तुझ्या, आणि मधली हवा माझी?" सासूबाई उठल्या. "बघितलंस, सार्जंट? गाठ हिची, पण सोडायला साहेब."

दुसऱ्या दिवशी दुपारी पश्चिमेकडून वारा सुटला. आधी दोरीवरचे कपडे आडवे झाले, मग काठावरची हेक्टरची होडी आपोआप पालथी झाली, आणि मग तळे पांढरे दिसू लागले. पिकलेला दाणा देठावर किती सैल बसलेला असतो, हे आमच्यापैकी प्रत्येकाच्या बोटांना ठाऊक होते. सासूबाई खिडकीकडे पाठ करून बसल्या व नुसत्या ऐकत राहिल्या. जोसलिन काचेला नाक लावून उभी होती.

"थांबेल ना?" तिने विचारले.

ती एकाएकी दार उघडून काठाकडे धावली. मी मागोमाग गेलो. तिने होडी पाण्यात लोटली होती, लाटा तिच्या कमरेपर्यंत येत होत्या.

"सोडते मी! आत्ता सोडते!"

"बुडशील," मी म्हणालो आणि होडीचे टोक धरले.

"सोडा ना!"

"काल सोडायचं होतंस."

मला हेही लिहिले पाहिजे, की तेव्हा माझ्या मनात आले: ही रडते आहे ते दाण्यासाठी, की मोजमापासाठी? मी होडी ओढून काठावर घेतली. ती ओल्या वाळूत बसून राहिली आणि तिचे कोरे बूट पाण्याने भरले.

सकाळी तळे आरशासारखे स्वच्छ होते. आम्ही दोन होड्या घेऊन गेलो. पुढे लुएला दांडा रेटीत, मध्ये सासूबाई, आणि टोकाला जोसलिन. मागे मी, आवाज ऐकू येईल एवढ्या अंतराने. बगलेतले देठ अस्ताव्यस्त वाकले होते आणि लोंब्या रिकाम्या. मी एक लोंबी हाताने ओढून पाहिली. हातात फोलपटे आली. दाणा सगळा तळाशी गेला होता.

केवळ जुड्या उभ्या होत्या. वाटेच्या दोन्ही अंगांनी, नारिंगी फितींत, शेंडे खाली, दाणा एकमेकांत अडकून तसाच भरगच्च.

सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग मागून त्यांची पाठ हलताना दिसली. मला वाटले रडताहेत. त्या हसत होत्या.

"काय बाई बांधलंय," त्या म्हणाल्या.

जोसलिनने खिशातून चाकू काढला.

"चाकू नाही. बोटांनी. आणि सोडली की लगेच झोडायची. सोडून उभी ठेवायची नाही."

"पण गुरुवारी साहेब—"

"तुझा साहेब तू बघ. मी सांगितलं ती रीत."

जोसलिन त्या पहिल्या जुडीसमोर थांबली. लुएलाने दांडा चिखलात रोवून होडी स्थिर धरली. कुठे तरी बदक ओरडले. मग जोसलिनने हात पुढे केला आणि गाठ उकलू लागली. गाठ घट्ट होती. तिलाच ती सुटेना, नखाने उकरावी लागली.

"ही कुणाची गाठ?" सासूबाईंनी विचारले. इतक्या दिवसांत त्यांनी तिला उत्तर हवे म्हणून विचारलेला हा पहिला प्रश्न.

"माझ्या आजीची. मक्याच्या कणसांची वेणी घालतो आम्ही, तिच्या शेवटी मारायची."

"आहे?"

"नाही. दोन हिवाळे झाले."

सासूबाईंनी झोडकाठ्या पायाने तिच्याकडे सरकवल्या.

जोसलिनने पहिला फटका असा मारला की निम्मे दाणे पाण्यात उडाले.

"अगं, साप मारतेस का? एका काठीनं वाकव, दुसरीनं थोपट. मांजराला थोपटतेस तसं."

"आमच्याकडे कुत्रा होता."

"मग कुत्र्याला थोपट. पण थोपट."

लुएला प्रथमच हसली. दुपारपर्यंत जोसलिनच्या बाह्यांत कुसळे भरली होती, अळ्यांनी मान चावून लाल केली होती, आणि तिने सोडलेली प्रत्येक फीत सासूबाई हात पुढे करून घेत आणि घडी घालून एप्रनच्या खिशात ठेवीत. एकही पाण्यात पडू दिली नाही.

नंतरचे दिवस अंगणातले. दाणा वाळत घातला, कढईत वल्ह्याने ढवळत भाजला. धुराने सर्वांचे डोळे सारखेच लाल झाले, त्यामुळे कोण कशाने रडते ते कळेनासे झाले. मग टरफल सुटावे म्हणून दाणा खड्ड्यात घालून तुडवायचा होता. सासूबाईंनी आपले मऊ चामडी जोडे जोसलिनच्या पुढे टाकले. "बूट काढ. हलकं नाच. दाणा मोडला तर तुझ्याच वाट्याचा मोडेल." मग भूर्जसालीच्या सुपातून फोलपटे उडाली, आणि शेवटी जे उरले त्याने एक पोते पुरते भरले नाही.

"कूकम, हे तुमचं," जोसलिन म्हणाली.

"गाठ तुझी होती. धान तुझं."

"मी देते ना तुम्हाला."

"फुकट दिलेलं नंतर कुणीतरी मागायला येतं. भट्टी आमची, लाकूड आमचं, होडी आमची. निम्मं आमचं राहील. निम्मं तू ने."

तसेच झाले. वाटणी सासूबाईंनी वाडग्याने केली, आणि वाडगे काठोकाठ आहे की नाही हे जोसलिनला प्रत्येक वेळी पाहायला लावले.

साहेब ठरल्याप्रमाणे आले. स्वच्छ अंगरख्याचे, नम्र गृहस्थ होते. त्यांनी बगल पाहिली, आणि मग जोसलिनकडे पाहिले.

"जुड्या कुठं आहेत?"

"झोडल्या मी. पिकल्या होत्या."

"अगं, पण नमुना?"

तिने चुलीवरच्या पातेल्याकडे बोट केले. सासूबाईंनी त्या दिवशी नवे मनोमिन बदकाबरोबर शिजवले होते. साहेबांनी वाडगेभर खाल्ले, चांगले झाले आहे असे म्हणाले, आणि जाताना गाडीपाशी जोसलिनला हळू आवाजात पुष्कळ काही बोलले. ती मान खाली घालून ऐकत होती. खिडकीतून आम्ही सर्व पाहत होतो. तिने घराकडे एकदाही बोट दाखवले नाही, हे लुएलाने मुद्दाम लक्षात ठेवले.

नंतर तीही गेली. सासूबाईंनी तिला पोटाशी धरले नाही. "बस चुकेल," एवढेच म्हणाल्या. मनोमिन शेतीत बसले की बाहेर राहिले, हे आजतागायत आम्हांस कोणी कळवलेले नाही.

तळाशी गेलेला दाणा हे बियाणे असते. यंदाच्या जूनमध्ये बगल अशी दाट आली, की होडीला वाट मिळेना. ऑगस्ट लागला तशी सासूबाईंनी झाडाची आतली साल सोलून आणली, उकळली, मांडीवर दोऱ्या वळल्या आणि लुएलाला घेऊन बगलेत गेल्या. बोटे आईची गाठ विसरली होती. पुन्हा पुन्हा मारून ती परत आली. पहाटेपासून दुपारपर्यंत, वाटेच्या दोन्ही अंगांनी, तोंडापासून बांधापर्यंत.

"मावशी, इतक्या वर्षांनी?" हेक्टरने काठावरून विचारले. "कुणाची भीती वाटली?"

"भीती कसली. पुढच्या वेळी जी येईल तिला लांबून दिसलं पाहिजे."

सर्वांत शेवटी, बांधाजवळच्या कोपऱ्यात, त्यांनी एक मूठ देठ धरले, शेंडे वाकवले आणि एप्रनच्या खिशातून उन्हाने विटलेली एक नारिंगी फीत काढली. तिला त्या निराळी गाठ मारू लागल्या. मक्यावाल्यांची. ती साधायला फार वेळ लागला. लुएला दांडा धरून उभी, मी मागच्या होडीत.

"कूकम, ती येणार आहे का? काही कळवलंय का तिनं?"

"मला काय ठाऊक."

मग त्यांना मी पाहतो आहे याचे भान आले असावे. सार्जंट माझ्याच होडीत होता. मान न वळवता त्या म्हणाल्या, "सार्जंट, त्याला सांग, यात माया बिया काही नाही. या कोपऱ्यात तिच्या जुडीतलं बी पडलं होतं. तिचं ते तिचं. उद्या खात्यानं म्हणायला नको, आम्ही खाल्लं."

आता दाणा पिकला आहे आणि आमचे झोडून झाले आहे. ती एक जुडी उभी आहे. काल हेक्टरची होडी त्या कोपऱ्यात गेली. तो जुडीपाशी थांबला, त्याने चहूकडे पाहिले, आणि मग दांडा लांब टाकून तिला वळसा घालून निघून गेला. सासूबाई काठावर उभ्या होत्या. त्याची होडी पार दिसेनाशी होईपर्यंत त्या तेथून हलल्या नाहीत.

येथे ही हकीकत पुरी होते. शाळा सुटल्यानंतर जे वाचन माझे मला करता आले, त्याच्या बळावर ती लिहिली आहे. तीत जे चुकले असेल ते माझे, आणि जे बरे असेल ते तळ्याचे. आपण आपला वेळ खर्चून शेवटपर्यंत सोबत केलीत, याबद्दल मी, इझिडोर मोनियस, तुटक्या वल्ह्याच्या तळ्याचा रहिवासी, आपले मनःपूर्वक आभार मानतो.